फ्यूज तापतो, पण उडत नाही: दुरुस्तीला खर्च किती?

जुन्या गाडीचा ब्लोअर चालता चालता बंद पडतो. डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास येतो. झाकण काढून बघावं तर फ्यूजची तार शाबूत, पण एका पायापाशी पिवळं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. आमच्या अठरा वर्षांच्या गाडीत गेल्या पावसाळ्यात हेच झालं. पहिल्या गॅरेजवाल्याने 20 अँपिअरचा पिवळा काढून 30 चा हिरवा बसवला, शंभर रुपये घेतले. चार दिवसांत हिरवाही तसाच वितळला.

असं कधीही करू देऊ नका. फ्यूजचा आकडा गाडीतल्या वायरच्या जाडीप्रमाणे ठरलेला असतो. मोठा फ्यूज घातला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर पेटते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर सरळ आगीला आमंत्रण.

फ्यूज न उडता तापतो, तेव्हा दोष बहुधा फ्यूजचा नसतो, त्याला धरणाऱ्या चिमट्याचा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चिमट्याची पकड सैल पडते, दमट हवेत त्यावर काळपट-हिरवा थर चढतो. अशा सांध्यात 15 अँपिअर करंट जाताना एक व्होल्ट जरी वाया गेला, तरी 15 वॅट उष्णता तयार होते. घरातला जुना झिरोचा बल्ब जेमतेम एवढाच असतो. इथे तेवढी ऊब नखाएवढ्या जागेत कोंडते. त्या उष्णतेने पकड आणखी ढिली होते.

म्हणून आधी तपासणी, मग पार्ट. ऑटो इलेक्ट्रिशियन तपासणीचे साधारण 200 ते 500 रुपये घेतो. त्याच्याकडून दोन आकडे मागा. ब्लोअर फुल चालू ठेवून डीसी क्लॅम्प मीटरवर किती करंट जातो, आणि फ्यूजच्या येणाऱ्या व जाणाऱ्या वायरमध्ये किती व्होल्ट पडतात. करंट 20 च्या फ्यूजवर 15-16 च्या आत आणि तरीही अर्धा व्होल्ट पडत असेल, तर सांधा खराब. करंटच जास्त असेल तर मोटर जड झाली आहे. बुश-ब्रश बदलून सर्व्हिसिंग 500 ते 1000, नवी मोटर दीड ते चार हजार.

सांधा खराब असेल तर पॉलिश पेपर मारून भागवू नका. त्याने कथलाचा थर निघतो आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून जळकं टर्मिनल आणि कडक झालेली तीन-चार इंच वायर बदलून घ्यायची: मजुरीसह 300 ते 800. आमचं काम 450 रुपयांत झालं. बॉक्सचं प्लास्टिकच वितळून खाच वाकडी झाली असेल, तर भंगार बाजारातला फ्यूज बॉक्स 500 ते 1500ला मिळतो. नवा घेतला तर दोन हजारांपासून पुढे, मजुरी वेगळी. फ्यूज मात्र 10-20 रुपयांचा चांगल्या कंपनीचाच घ्या; हलका माल वेळेवर उडत नाही. (हे दर अंदाजाचे आहेत, शहरागणिक कमीजास्त होतील.)

हेडलाइटचा फ्यूज तापत असेल तर बल्ब बघा. 60/55 वॅटच्या जागी कुणी 100/90 घातले असतील, तर अप्परवर दोन बल्बांचा करंट 10 वरून जवळपास 17 अँपिअरवर जातो. मूळचे बल्ब परत लावणं सगळ्यात स्वस्त. जास्त उजेड हवाच असेल तर रिलेसह वेगळं वायरिंग करा, 600 ते 1200.

काम झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. ब्लोअर पंधरा मिनिटं फुल ठेवा आणि फ्यूजला बोट लावा. कोमट लागला तर ठीक. बोट टेकवता येत नसेल, तर गाडी तिथेच ठेवून काम पुन्हा करून घ्या.