दगडाच्या कपच्या काय सांगतात?

पाटा-वरवंटा घडवीत बसलेला पाथरवट आपण पाहिला असेल. सायंकाळी काम आटोपून तो निघून जातो. तयार झालेला पाटाही कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. मागे उरतात त्या केवळ कपच्या. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी तयार असेल, तर पाथरवट कोठे बसला होता, त्याने कोणता दगड निवडला आणि तो कोणत्या क्रमाने फोडला, हे त्या कपच्यांवरून सांगता येते. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, तसेच हे आहे. ज्या काळी लेखन नव्हते, शेती नव्हती, मातीचे मडकेही नव्हते, त्या काळच्या मानवाचे वर्तन जाणून घेण्याचा मुख्य मार्ग हाच होय.

भारतात या अभ्यासाचा आरंभ १८६३ साली झाला. त्या वर्षी ३० मे रोजी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे मानवाने घडविलेले दगडी हत्यार मिळाले. पुढे त्यांनी आपल्या बेळगावच्या बाजूचा मुलूखही पायाखाली घातला आणि मलप्रभा व घटप्रभा यांच्या खोऱ्यांत तशीच हत्यारे शोधून काढली. जी मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते, तिच्याच खोऱ्याचा सविस्तर अभ्यास डॉ. आर. व्ही. जोशी यांनी केला व तो १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आता सहजच शंका येईल की, नदीत आपटून फुटलेला दगड आणि हाताने फोडलेला दगड यांतील भेद ओळखावा कसा? बारीक कणांच्या कठीण दगडाच्या कडेवर नेमका आघात केला, म्हणजे एक धारदार छिलका उडतो. ज्या ठिकाणी घाव बसला, त्याच्या खाली छिलक्यावर एक लहानसा फुगवटा येतो, आणि मूळ दगडावर तितकीच खळगी पडते. नदीच्या धडकेनेही एखादा टवका उडतो. पण दोन्ही बाजूंनी एकामागून एक टवके काढून सरळ धार साधणे नदीला जमत नाही. कोणती खळगी कोणत्या खळगीला छेदून जाते हे पाहिले, की आधीचा घाव कोणता व नंतरचा कोणता, तेही कळते.

या पद्धतीने काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, हुणसगीच्या खोऱ्यात आहे. तेथील इसामपूर या ठिकाणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या व त्यांचे सहकारी यांनी १९९७ पासून उत्खनन केले. तेथे चुनखडीच्या नैसर्गिक फरश्या जमिनीलगतच मिळतात. त्या फरश्यांभोवती अर्धवट घडविलेली हत्यारे, घाव घालण्याचे दगड आणि असंख्य कपच्या जेथल्या तेथे पडून होत्या. ही तर आदिमानवाची खाण आणि कार्यशाळाच होती! पातळ फरशी मिळाली, तर तिच्याच कडा उडवून तो हातकुऱ्हाड घडवी. फरशी जाड असली, तर आधी तिच्यावरून मोठा छिलका काढी व त्याला आकार देई. घाव घालण्यासाठी मात्र तो बसाल्ट, गारगोटीसारखे चिवट व कठीण दगड निवडून आणी. जनावरांच्या दातांच्या परीक्षणावरून या स्थळाचे वय सुमारे १२ लक्ष वर्षे असावे, असा अंदाज २००२ साली प्रसिद्ध झाला.

दगड पाहून त्याचा उपयोग आधीच ठरविणे, त्याप्रमाणे कृतीचा क्रम बदलणे, कामाला लागणारे साधन अगोदर जमवून ठेवणे, ही योजकतेची लक्षणे नव्हेत काय? शिवाय असे कौशल्य पाहिल्यावाचून व गिरविल्यावाचून हाती येत नाही. ते थोरांकडून लहानांकडे गेले असले पाहिजे. म्हणजे आपल्या शाळेची मुळे किती दूरवर पोचतात पाहा!

तथापि अनुमानालाही मर्यादा असते. दगड टिकला; लाकूड, कातडे आणि शब्द टिकले नाहीत. म्हणून दगड जेवढे सांगतो, तेवढेच मानावे.

आणि विद्यार्थीमित्रांनो, इसामपूर बोलू शकले ते एका सुंदर कुऱ्हाडीमुळे नव्हे, तर प्रत्येक कपची आपल्या जागी होती म्हणून. तीच कुऱ्हाड कोणी हौसेने उचलून घरच्या कपाटात ठेवली असती, तर ती शोभेची वस्तू झाली असती. तिची साक्ष मात्र बुडाली असती. आज नांगराखाली, खडीच्या यंत्राखाली अशी कितीतरी स्थळे नाहीशी होत आहेत. सहलीला गेलात आणि नदीकाठी असा दगड दिसला, तर तो हलवू नका. जागा नीट टिपून घ्या, चित्र काढा किंवा छायाचित्र घ्या, आणि आपल्या शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवा. लक्षावधी वर्षे जपलेली ती साक्ष एका क्षणाच्या हौसेपायी मुकी होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.