स्लॅश दाबा, उत्तर तयार

व्हिडिओत क्विक रिप्लायचं सेटिंग दाखवलं, पण त्यात मजकूर काय भरायचा ते राहून गेलं. ते इथे सांगतो.

समजा, न्हावऱ्यात शिरूर-चौफुला रस्त्याला तुमची ऊसरोपांची नर्सरी आहे. घोडगंगा कारखाना गावातच, त्यामुळे ऊसवाले शेतकरी चारी बाजूंनी. आडसालीच्या तोंडावर, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, मोबाईल सारखा वाजतो. रोप काय भाव? एकरी किती लागतील? 86032 आहे का 265? दिवसभर तेच तेच टाइप करायचं, आणि घाईत एखाद्याला ॲडव्हान्सचं सांगायचंच राहतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये बिझनेस टूल्स, मग क्विक रिप्लाय, मग अधिकचं चिन्ह. मजकूर लिहा, एका शब्दाचा शॉर्टकट द्या, सेव्ह करा. चॅटमध्ये / टाइप केलं की यादी समोर येते. 50 पर्यंत ठेवता येतात, तुम्हाला सहा-सात पुरे. (कॉम्प्युटरवाले लोक काळ्या पडद्यावर कमांड देऊन हेच करतात: साठवलेला मजकूर एका शब्दात बोलवायचा. आपला काळा पडदा म्हणजे हा टाइप करायचा रकाना.)

'/एकरी' चा मजकूर असा ठेवा: "रामराम. 5 बाय 2 फुटांवर एकरी साधारण 4,350 रोपं बसतात, साडेचार बाय 2 वर 4,840. नांग्या भरायला थोडी जास्त घ्या. तुमची सरी किती फुटांची?" शेवटचा प्रश्न मुद्दाम टाकलाय. त्याचं उत्तर आलं की गिऱ्हाईक बोलतं झालं.

आता खरा धोका. "फुले 265 तयार आहे" हे वाक्य साठवून ठेवू नका. माल संपतो, वाक्य तसंच राहतं. दौंडकडून माणूस टेम्पो करून येतो आणि तुमचे ट्रे रिकामे! भाडं त्याच्या अंगावर, आणि बोभाटा तुमचा. म्हणून भाव, शिल्लक रोपं, न्यायची तारीख यांच्या जागी रेघ ठेवा: "आजचा भाव ____". रेघ दिसली की हात थांबतो, आकडा भरूनच पाठवला जातो.

पेमेंटच्या मजकुराचं उलटं आहे, तो एकदाच पक्का करायचा. यूपीआय आयडीत एक अक्षर चुकलं तर तीच चूक प्रत्येक गिऱ्हाइकाला जाणार. घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून त्यावर 1 रुपया पाठवा, तुमच्या खात्यात आला का बघा, मगच सेव्ह.