टक्के, पण कशाचे?

आईबाबांनो, निकालाच्या दिवसांत घरोघरी एकच चौकशी चालते, ‘किती पडले?’ आणि हल्ली उत्तर इंग्रजीत येतं. ताईला ‘नाइन्टी टू पॉइंट फॉर्टी फाइव्ह’, तिच्या मैत्रिणीला ‘नाइन्टी टू पॉइंट एट’. पाचवी-सहावीतल्या धाकट्याला विचारून बघा, जास्त कोणाला? तो बेधडक ताईचं नाव घेईल. त्याने ऐकलंय पंचेचाळीस आणि आठ! मग कागदावर ९२.४५ आणि खाली ९२.८० असं मांडून दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

इंग्रजीत पॉइंटनंतरचे आकडे सुटे वाचायचे असतात, ‘पॉइंट फोर फाइव्ह’. आपल्याला जोडून वाचायची सवय लागली ती बहुधा रुपये-पैशांमुळे. तिथे पैसे नेहमी दोन आकडीच, त्यामुळे काही बिघडत नाही. आकाशवाणीच्या बातम्यांत मात्र ‘पंचेचाळीस शतांश’, ‘आठ दशांश’ असं म्हणतात. ऐकायला जुनाट वाटतं, पण घोटाळ्याला जागाच उरत नाही. मुलांना हे दोन्ही एकदा मोठ्याने म्हणायला लावा.

मुलांच्या इंग्रजीत आणखी एक हमखास ऐकू येतं, ‘आय गॉट नाइन्टी पर्सेंटेज’. आकडा सांगितला की ‘पर्सेंट’ म्हणायचं. ‘पर्सेंटेज’ हा शब्द आकडा न सांगता नुसतं प्रमाण सांगताना येतो. तसंच ‘फोर फिफ्टी अपॉन फाइव्ह हंड्रेड’ हे वर्गात चालून जातं. बाहेर बोलताना ‘आउट ऑफ’ म्हटलेलं बरं. पण यावरून मुलाला चारचौघांत टोकू नका. तुम्ही स्वतः बरोबर बोलत राहिलात की आठवड्या-दोन आठवड्यांत तो उचलतो.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. टक्के म्हणजे शंभरातले किती, हे मुलं घडाघडा सांगतात, पण ते शंभर कशाचे, हे विचारत नाहीत. आणि खरं सांगायचं तर आपणही विचारत नाही. सीईटी किंवा जेईईचा निकाल लागला की शेजारी म्हणतात, ‘नव्वद टक्के मिळाले म्हणे!’ मिळालेले असतात नव्वद पर्सेंटाइल. त्याचा अर्थ, परीक्षेला बसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण आहेत. पेपर अवघड निघाला तर निम्म्याहून कमी गुणांतही नव्वद पर्सेंटाइल येऊ शकतं. उलट दहा लाख मुलं बसली असतील, तर नव्वदवाल्याच्या पुढे साधारण लाखभर मुलं उभी असतात. नव्व्याण्णववाल्याच्या पुढेही दहा हजार. दहावीच्या टक्क्यांशी या आकड्याची तुलना करून कोणी पेढे वाटतो, कोणी मुलाला फैलावर घेतो. दोन्ही सारखंच निरर्थक. ‘नाइन्टी पर्सेंट’ आणि ‘नाइन्टीएथ पर्सेंटाइल’, हा फरक इंग्रजीत बोलतानाच स्पष्ट करायची सवय अकरावीत जाण्याआधी लावलीत, तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

प्रगतिपुस्तकातही असाच एक सापळा आहे. सहामाहीला ६० टक्के, वार्षिकला ७५. किती वाढले? मुलगा म्हणतो, ‘फिफ्टीन पर्सेंट.’ क्लासची जाहिरात म्हणेल, पंचवीस टक्क्यांनी प्रगती. गंमत अशी, की जाहिरात खोटं बोलत नाही. ६० वर १५ वाढले म्हणजे मूळच्या पाव हिस्सा, पंचवीस टक्केच झाले. मुलाला जे म्हणायचं होतं, त्याला इंग्रजीत ‘फिफ्टीन पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणतात. बँकेचा व्याजदर ८ वरून ९ टक्क्यांवर गेला की तोच प्रकार. एक टक्का वाढला म्हणतो आपण, पण व्याजाचा भार साडेबारा टक्क्यांनी वाढलेला असतो. हप्ते भरणाऱ्या आईबाबांना हे वेगळं सांगायला नको.

ऐकण्यातली गफलत हा आणखी एक विषय. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ अगदी सारखे वाजतात. औषधाचा डोस ऐकताना ही गंमत राहत नाही. मुलांना सांगा, शंका आली तर ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ असं बेलाशक विचारायचं. डॉक्टरांना पुन्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि सरावाला वह्या नकोत, दुकानं आहेत. सेलच्या पाटीवर ‘५०% + २०% ऑफ’ लिहिलेलं असतं. मुलगा म्हणेल, सत्तर टक्के सूट! हजाराच्या शर्टाचं काय होतं ते त्याच्याकडूनच काढून घ्या. आधी निम्मे झाले, उरले पाचशे. वीस टक्के त्या पाचशेवर, म्हणजे शंभर. हातात येतात चारशे, तीनशे नाही. सूट झाली साठ टक्के. आता हेच त्याला इंग्रजीत समजावून सांगायला लावा. ‘ट्वेंटी पर्सेंट’ म्हणून तो थांबला, की तुम्ही फक्त एवढंच विचारायचं, ‘ऑफ व्हॉट?’