तळहात कसा वळतो?

मुलांनो, उजवा हात बाकावर उताणा ठेवा. डाव्या हाताने मनगटाच्या थोडे मागे धरा आणि आता तळहात पालथा करा. आत काहीतरी फिरले ना?

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. करंगळीकडचे अल्ना, अंगठ्याकडचे रेडिअस. हात पालथा करताना अल्ना जवळजवळ जागेवरच राहते. रेडिअस त्याच्यावर तिरपे येते. म्हणून आपल्याला ओंजळ धरता येते, कुलपात किल्ली फिरवता येते. झाडावरून पडून ही हाडे मोडली आणि वाकडी जुळली, तर तळहात पुरता वळत नाही. अशा वेळी घरी चोळत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

आपल्या वर्धा जिल्ह्याचा गवळाऊ बैल धावण्यात मोठा चपळ. त्याच्या पुढच्या पायातही हीच दोन हाडे आहेत, पण एकमेकांना जुळून गेलेली. पाय भक्कम पडतो, वळत मात्र नाही. गंमत म्हणजे, त्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट आहे!

वटवाघळात रेडिअस लांब, अल्ना अगदी बारीक. कोंबडीत उलट, तिथे अल्नाच जाड. ताटात पंखाचा तुकडा आला, तर टाकण्यापूर्वी दोन्ही हाडे शेजारी ठेवून पाहा.