अनेक गुणांकांचे एक चित्र
पीकउत्पन्नाच्या समाश्रयणाचा आलेख कसा काढावा व कसा वाचावा

पीककापणी प्रयोगांच्या नोंदी हाती आल्या, म्हणजे उत्पन्नात जो फरक पडला तो कशामुळे पडला, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. पाऊस, नत्र, स्फुरद, पेरणीची तारीख, ताटांची संख्या, जमिनीची खोली अशी दहावीस कारणे शेतात एकाच वेळी कार्य करीत असतात. इतर कारणे स्थिर ठेवून एका कारणात एका एककाने वाढ झाली, तर उत्पन्नात सरासरीने किती फरक पडेल, हे सांगणारी संख्या समाश्रयणाने मिळते; तिला त्या कारणाचा गुणांक म्हणतात. संगणक हे सारे गुणांक क्षणार्धात काढून देतो खरा, परंतु देतो तो वीस ओळींच्या कोष्टकाच्या रूपाने. असे कोष्टक वाचताना दृष्टी सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन थांबते, आणि शिफारशीतील पुष्कळ चुकांचा उगम तेथेच होतो.

समजा, कोरडवाहू ज्वारीच्या एका कोष्टकात नत्राचा गुणांक दर किलोस ०.०४ क्विंटल, तर पावसाचा दर मिलिमीटरला ०.००५ क्विंटल असा आला. वरवर पाहता नत्राचा प्रभाव आठपट दिसतो. वस्तुतः ही तुलनाच अयोग्य होय, कारण एक किलो नत्र आणि एक मिलिमीटर पाऊस ही एकाच मापाची परिमाणे नव्हेत. त्या शेतांमध्ये नत्राचे प्रमाण विचलन २५ किलो व पावसाचे २०० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक गुणांकास आपापल्या प्रमाण विचलनाने गुणावे. दोन्हींचे उत्तर एकच येते : १ क्विंटल. आठपट फरक कोठल्या कोठे नाहीसा झाला!

येथेही थांबून चालत नाही. नत्राच्या गुणांकाची प्रमाण त्रुटी ०.०१ व पावसाच्या गुणांकाची ०.००३ धरली, तर दोहों बाजूंस सुमारे दुप्पट त्रुटी घेऊन ९५ टक्के विश्वास अंतराल मिळतो. त्याच समान मापात नत्राचा अंतराल ०.५ पासून १.५ पर्यंत, तर पावसाचा उणे ०.२ पासून २.२ पर्यंत पसरतो. आलेखात दोन्हींचे ठिपके एकाखाली एक येतील. पण नत्राची आडवी रेषा शून्याच्या उजवीकडेच राहील आणि पावसाची शून्य ओलांडून जाईल. जी गोष्ट कोष्टकाच्या चार स्तंभांतून शोधून काढावी लागते, ती येथे एका दृष्टिक्षेपात उमगते.

गुणांक चित्ररूपाने दाखविण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे एक उत्तम उदाहरण शेतीतीलच आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १९१९ साली आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९२४ च्या सुमारास तेथील ब्रॉडबॉक शेतातील गव्हावर पावसाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्षाचे सहा सहा दिवसांचे ६१ भाग पाडले. उत्पन्नाच्या नोंदी मात्र साठएक वर्षांच्याच. तेव्हा ६१ गुणांक स्वतंत्रपणे काढणे निरर्थक ठरले असते. म्हणून त्यांनी पावसाच्या वार्षिक वाटणीस पाचव्या घाताची बहुपदी लावली आणि वर्षाच्या कोणत्या वेळी एक इंच पाऊस अधिक पडल्यास एकरी किती बुशेल वाढतील वा घटतील, हे एका सलग वक्राने दाखविले. निरनिराळ्या खतांच्या पट्ट्यांचे असे वक्र शेजारी शेजारी ठेवले, की खत व पाऊस यांचा संबंध डोळ्यांपुढे उभा राहतो.

आज या कामासाठी ‘आर’ ही संगणक-प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. ‘एलएम’ या आज्ञेने समाश्रयण होते, ‘कॉन्फिंट’ने अंतराल मिळतात आणि ‘जीजीप्लॉट२’ या संचाने ठिपका व रेषा काढता येतात. चलांची नावे उभ्या अक्षावर लिहावीत, म्हणजे लांब नावेही सुवाच्य राहतात. त्यांचा क्रम वर्णानुक्रमे न लावता गुणांकाच्या आकाराप्रमाणे लावावा. शून्यावर ठळक उभी रेषा हवीच. स्थिरपद मात्र आलेखातून वगळावे. ते बहुधा इतके मोठे असते की बाकीचे सारे ठिपके शून्यापाशी एकत्र गोळा होतात. ओलीत की कोरडवाहू असे दोनच प्रकार असणारे चल असल्यास, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी २००८ साली सुचविल्याप्रमाणे इतर चलांना दोन प्रमाण विचलनांनी भागावे.

आलेख वाचताना दोन धोके संभवतात. एकूण पाऊस व पावसाळी दिवस ही दोन्ही चले घेतली, तर दोन्हींच्या रेषा लांबलचक होऊन शून्य ओलांडतात. त्यावरून पावसाला महत्त्व नाही असे अनुमान काढणे म्हणजे शुद्ध फसगत होय. ती दोन्ही बरोबरच वाहतात, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट, वीस निरुपयोगी चले घेतली तरी त्यांपैकी एखाद्याची रेषा केवळ योगायोगाने शून्याबाहेर पडू शकते. शिवाय भरपूर नत्र देणारा शेतकरी निंदणीही वेळेवर करीत असेल, तर निंदणीची नोंद नसता तिचेही श्रेय नत्राच्या ठिपक्यास मिळते.

शिफारस लिहिताना पुन्हा मूळ एककांकडे वळावे. प्रमाण विचलनाने खत कोणी विकत घेत नाही. वरील उदाहरणात एक किलो नत्रामागे सरासरी ४ किलो ज्वारी मिळते. परंतु अंतरालाचे खालचे टोक २ किलोंवर आहे. सोसायटीचे कर्ज काढून खत घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी नत्राची किंमत त्या २ किलो ज्वारीच्या भावाशीही ताडून पाहावी, आणि तेथे ती परवडत नसेल तर तसे शिफारशीत स्पष्ट लिहावे.