भातलावणी आणि कण्याचे आरोग्य

तळेगाव दाभाडे व सभोवारच्या मावळ तालुक्यात भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राचा, १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी हा सुवासिक वाण येथील खाचरांतून सर्वत्र दिसतो. परंतु या पिकासाठी लावणी करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, पाठ जे श्रम सोसते, त्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. लावणी म्हटली की कंबर दुखायचीच, असा समज आहे. श्रम टळत नाहीत हे खरे. परंतु दुखण्याचा बराचसा भाग काम करण्याच्या पद्धतीतून उद्भवतो, आणि पद्धत बदलता येते.

कण्याची रचना

मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या लवचिक चकत्या असतात. प्रौढपणी या चकत्यांच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. त्यांचे पोषण सभोवारच्या भागातून झिरपून होते, व हालचालीने त्यास साहाय्य होते. म्हणून एकाच स्थितीत फार वेळ राहणे, मग ते वाकून असो वा बसून, कण्यास मानवत नाही.

पहारीने दगड उचलताना टेकू, भार व हात यांतील अंतरावर सारे अवलंबून असते. कमरेचेही तसेच आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढ देतात. २० किलोचे ओझे कमरेपासून ४० सेंटिमीटर दूर धरल्यास, केवळ त्या ओझ्यासाठी स्नायूंना आठपट, म्हणजे १६० किलोइतकी ओढ द्यावी लागते. तेच ओझे २० सेंटिमीटरवर घेतल्यास ही ओढ निम्मी होते. वाकल्यावर धडाचा भारही असाच पुढे जातो. म्हणून हातात केवळ रोपांची मूठ असूनही कंबर भरून येते.

लावणीच्या वेळी

चुडांमध्ये सरासरी २० सेंटिमीटर अंतर धरले तर एका गुंठ्यात सुमारे अडीच हजार चुडे बसतात. हे सारे काम वाकूनच होते. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. साधारण वीस मिनिटांनी, अथवा ओळ संपताच, सर्वांनी उभे राहावे. हात कमरेवर ठेवून सावकाश चार-पाच वेळा मागे झुकावे व थोडे चालावे.

२. रोपांच्या मुठी खाचरात आधीच जागोजागी टाकून ठेवाव्यात, म्हणजे वळून व ताणून घ्याव्या लागत नाहीत. वाकलेल्या स्थितीत पीळ देणे टाळावे.

३. रोपे उपटणे, मुठी वाहणे व लावणे ही कामे आळीपाळीने करावीत. सावडीने लावणी करणाऱ्यांनी हा क्रम सकाळीच ठरवावा.

४. शक्य तेथे लावणी यंत्र सामाईक भाड्याने आणावे. श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळ येथे विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. त्यामुळे चिखलणी व लावणी दोन्ही वाचतात. मात्र तणनियंत्रणाची माहिती सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून आधी घ्यावी.

ओझे उचलताना

युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले, तरी एकट्याने उचलण्यास ते जडच आहे. दोघांनी उचलावे, अथवा हातगाडा वापरावा. पाय फाकवून, गुडघे व खुबे वाकवून, ओझे अंगाशी धरून उठावे. वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. चाकण वा तळेगावच्या कारखान्यात पाळी करून शेतावर येणाऱ्याने जड काम एकदम अंगावर घेऊ नये.

उसण भरल्यास

दिवसचे दिवस अंथरुणास खिळून राहणे हा उपाय नव्हे. एखादा दिवस जड काम थांबवावे, सोसेल तेवढे हिंडावे-फिरावे व शेक घ्यावा. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत उतरते. उसणीवर पायाळू माणसाची लाथ अथवा पाठ तुडवून घेणे हे प्रकार सोडून द्यावेत. त्यांनी इजा होण्याचा संभव असतो. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंडास अपाय होतो.

ही लक्षणे अंगावर काढू नयेत

लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील जोर कमी होत जाणे, अथवा पडल्यानंतर तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे वा रात्रीची वाढती वेदना असल्यास मणक्याच्या क्षयाची तपासणी आवश्यक ठरते. हा रोग औषधांनी बरा होतो.

लावणीच्या दिवसांत आणखी एक धोका संभवतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, पायांच्या जखमांवाटे लेप्टोस्पायरोसिस हा रोग जडतो. यात ताप येतो, डोके, कंबर व विशेषतः पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. हा लावणीचा शीण समजून घरी थांबणे प्राणावर बेतू शकते. ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण खाचरात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अवजारांस हंगामापूर्वी आपण धार लावून घेतो. ती चालविणाऱ्या देहाची निगाही त्याच तत्परतेने राखणे, हा शेतीच्या नियोजनाचाच भाग आहे.