काठी : एका शब्दाचे अनेक अर्थ

जो शब्द रोज जिभेवर येतो त्याच्या अर्थाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ‘काठी’ हा शब्द तसाच आहे. त्याचे चार अर्थ आपण क्रमानें पाहूं.

पहिला अर्थ आधार. वृद्ध काठी टेकीत चालतो, आंधळा तिनें वाट चाचपतो; म्हणून कर्त्या पुत्रास ‘म्हातारपणची काठी’ म्हणतात.

दुसरा अर्थ मान. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत मढीच्या यात्रेस भक्तजन उंच काठ्या वाजतगाजत आणून कानिफनाथांच्या कळसास टेकवितात. त्यांत कोणाची काठी मानाची हें ठरलेलें असतें.

तिसरा अर्थ माप. मराठी राज्यांत ५ हात व ५ मुठी मिळून एक काठी होई. एक काठी लांब व एक काठी रुंद अशा जागेसहि काठीच म्हणत. अशा २० काठ्यांचा एक पांड आणि २० पांडांचा एक बिघा. काठी आंखूड केली कीं तेंच शेत कागदावर मोठें होई व कुणब्याचा सारा वाढे. यहेज्केलाच्या दर्शनांतील (४०:५) मोजणाराजवळहि ६ हातांची काठी होती, आणि तिचा प्रत्येक हात नेहमींच्या हाताहून चार बोटें अधिक होता. माप आधीं सांगावें, मग मोजावें, हा न्याय दोहींकडे सारखाच आहे.

चौथा अर्थ शासन. संस्कृतांत ‘दंड’ म्हणजे काठी व शिक्षाहि. इब्री भाषेंत ‘शेबेट’ म्हणजे काठी, राजदंड आणि वंश. आपल्याकडेहि ‘वंश’ म्हणजे वेळू व कुळ. नीतिसूत्रांतील (१३:२४) छडीचा दाखला देऊन कित्येक आईबाप व शिक्षक मुलांस मारणें योग्य ठरवितात. परंतु तेथें जो ‘शेबेट’ शब्द आहे, तोच २३ व्या स्तोत्रांत मेंढपाळाच्या हातीं आहे, आणि तेथें त्यापासून भय नव्हे, तर धीर मिळतो. आमच्या माळरानावरील धनगरास विचारा. तो काठी आडवी धरून कळप वळवितो, लांडगा आला तर ती उगारतो. कोंकराचें हाड मोडण्यासाठीं ती तो बाळगीत नाहीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेंहि (कलम १७) शाळेंत मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्याची मनाई केली आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, दाराआड उभी असलेली काठी सापाविंचवासाठीं असूं द्या. लेंकरूं चुकलें तर त्यास वळवावें, आणि वळवितांना आपण त्याचा आधार आहों हें त्यास कळूं द्यावें. उद्यां आपल्या म्हातारपणची काठी तेंच होणार आहे.